बी विंगच्या जिन्यातली काळी ट्रंक

ए-१०१ सेक्रेटरी: नमस्कार मंडळी 🙏 शुक्रवारी फायर ऑडिटवाले येतायत. बी विंग चौथा मजला, जिन्याजवळ ती काळी पत्र्याची ट्रंक अजून तशीच आहे. तीनदा सांगून झालं. उद्या ११ वाजता भंगारवाला बोलावलाय, ज्यांचं सामान असेल त्यांनी बघून घ्या.

बी-४०३: भंगारवाला???? काका ती आमच्या आबांची ट्रंक आहे. घरात रंगकाम चालू आहे म्हणून आठ दिवस बाहेर ठेवलीय, लिफ्टमध्ये सांगितलं होतं मी तुम्हाला. आईंना हा मेसेज वाचून दाखवला तर त्या ताटावरून उठल्या.

सी-५०२: माफ करा, पण आठ दिवस नाही, दसऱ्यापासून आहे. माझ्याकडे फोटो आहे. जिना मोकळा पाहिजे हा साधा नियम आहे, इथे कुणाच्या भावनांचा प्रश्न नाही.

बी-४०३: फोटो काढायला चौथ्या मजल्यापर्यंत आलात तर बेल वाजवून विचारायचं होतं ना

ए-३०४: सी विंगच्या जिन्यात तीन सायकली आणि एक चपलांचं कपाट आहे, त्याचा फोटो कोण काढणार 😀

सी-५०२: विषयांतर नको.

बी-४०१ काकू: अहो त्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर लिहिलाय तो तरी वाचा आधी. आबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९७१ ला लढलेत. माझी दोन्ही मुलं त्यांच्या मांडीवर वाढली. भंगार काय म्हणता

ए-१०१ सेक्रेटरी: काकू मला खरंच कल्पना नव्हती, मी दोन वर्षांपूर्वी राहायला आलो. पण ऑडिटवाले मला विचारणार, तुम्हाला नाही.

ए-७०२: *फॉरवर्डेड* ४ डिसेंबर १९७१ ला आपल्या विक्रांतने कराची बंदर पेटवलं म्हणून नौदल दिन!! खरा भारतीय असाल तर १० ग्रुपवर पाठवा

ए-२०५ नेव्ही काका: हे चूक आहे. विक्रांत तेव्हा बंगालच्या उपसागरात होती, तिची विमानं पूर्व पाकिस्तानात कॉक्स बझार आणि चितगाववर गेली. कराचीला गेल्या त्या मिसाईल बोटी, निर्घात, निपात आणि वीर.

ए-७०२: काका भावना समजून घ्या, आलं ते पुढे पाठवलं

ए-२०५ नेव्ही काका: पुढे पाठवायच्या आधी पाच मजले उतरून मला विचारायचं. मी होतो त्या वेळी नेव्हीत, मुंबईला डॉकयार्डात. माझा ट्रेनिंगमधला जोडीदार खुक्री जहाजावर होता. ९ डिसेंबरच्या रात्री दीवसमोर पाकिस्तानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, १८ ऑफिसर आणि १७६ सेलर गेले, कॅप्टन मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. जोडीदाराच्या घरी मीच गेलो होतो नंतर. त्याची आई दोन वर्षं रात्री दाराला कडी लावू द्यायची नाही, पोरगं पोहत आलं तर बाहेर राहील म्हणायची. त्यामुळे तारखा आणि नावं चुकली की मला राग येतो, माफ करा.

ए-७०२: सॉरी काका. डिलीट केलं.

ए-३०४: आमच्या आजी सांगतायत, त्या तेव्हा दादरला चाळीत राहायच्या. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावलेले, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवलेले. भोंगा झाला की खालून वॉर्डन ओरडायचा तिसरा मजलाऽऽ दिवा बंद. एकदा वरण अर्धं शिजलेलं असताना स्टोव्ह बंद करायला लावला, सगळे तसंच कच्चं जेवले. काका आई रात्रपाळीला, ती अंधारात चालत घरी आली

ए-३०४: *काका आई* नाही, आजीची आई. ऑटो करेक्ट

सी-५०२: सगळ्यांबद्दल आदर आहे. पण परत सांगतो, जिना मोकळा पाहिजे.

बी-१०५ सुभेदार: जिना मोकळा होईल साहेब, मी करून देतो. मी तोफखान्यात होतो, कारगिलला १९९९ मध्ये द्रासला. तिथे उंचीवर भात शिजत नाही, कुकर लागतो. घरचे सगळं टीव्हीवर बघत होते आणि आम्हाला शेजारच्या डोंगरावर काय चाललंय ते कळत नव्हतं, आमचं काम तोफ भरायची. घरी फोन लागला तर आई आधी जेवलास का विचारायची आणि मग रडायची, तीन मिनिटं त्यातच जायची. आबांनी मला फक्त एकदा विचारलं, तुझ्या तोफेवरचे सगळे परत आले का. दुसरं काही नाही विचारलं.

बी-४०३: आई बोलतायत आणि मी टाइप करतेय, मोठं होईल. "मी एकोणीस वर्षांची, पोटुशी, साताऱ्याकडं गावाला. ह्यांची पलटण जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा. पत्र यायचं त्यावर पत्ता नुसता ९९ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट. मी पोस्टमनला इचारलं हे गाव कुठल्या तालुक्यात. पत्रात काय, मी खुशाल आहे, वासरू कसं आहे, ज्वारीची राखण कोण करतं. लढाई लागली ते वाण्याच्या दुकानातल्या रेडिओवर कळलं. १६ तारखेला ढाका पडलं म्हणून लोकांनी गूळ वाटला, मी हातात धरून बसले, खाल्ला न्हाई. ढाका पडलं एवढंच सांगितलं, आपली माणसं किती ऱ्हायली ते कोण सांगंना. पत्र आलं पार संक्रांतीला."

बी-४०१ काकू: हे इतक्या वर्षांत मला कधी बोलल्या नाहीत त्या

बी-४०३: अजून आहे. आबा पूर्व पाकिस्तानात जमालपूरला होते. नदी ओलांडून हे लोक गावाच्या मागच्या अंगाला जाऊन बसले, सामान बैलगाड्यांवर. आपल्याकडून शरण या अशी चिठ्ठी गेली आणि पाकिस्तानी कमांडरच्या उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून आली, एवढी गोष्ट आबा नातवंडांना रंगवून सांगायचे. पुढे काय झालं विचारलं की उठून गच्चीवर जायचे.

बी-१०५ सुभेदार: पुढे रात्री ते पाकिस्तानी लोक ढाक्याच्या रस्त्याने निसटायला निघाले आणि सरळ मराठ्यांच्या मोर्चावर आले. अंधारात, अगदी जवळून. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं. त्याच दिवशी टांगाईलला २ पॅरा ही छत्रीधारी पलटण उतरली, ती पण मूळची ३ मराठा. न सांगण्याचं कारण मी समजू शकतो वहिनी.

सी-५०२: शुक्रवारचं काय?

ए-३०४: अहो थांबा ना जरा!!

सी-५०२: मी काय चुकीचं बोलतोय? उद्या आग लागली तर त्याच जिन्याने आजींना खाली आणायचंय.

ए-२०५ नेव्ही काका: त्यांचं बरोबर आहे. पण भंगारवाला हा शब्द सेक्रेटरींनी मागे घ्यावा.

ए-१०१ सेक्रेटरी: घेतला. भंगारवाल्याला फोन करून नको सांगितलं. आजींना मी स्वतः येऊन भेटतो. रंगकाम होईपर्यंत ट्रंक ऑफिसमध्ये कपाटाशेजारी ठेवू, चावी त्यांच्याकडेच राहील.

ए-६०१: आत काय आहे विचारलं तर चालेल का? मी लायब्ररीत काम करते. पत्रं असतील तर कृपया लॅमिनेट करू नका, कागद कायमचा खराब होतो. स्वच्छ सुती कापडात ठेवा, फोटो काढून ठेवा.

बी-४०३: पत्रं आहेत, घोंगडी, जेवणाचा डबा, १९७१ च्या लढाईचं 'पूर्वी स्टार' मेडल. आणि सेक्शनचा, म्हणजे आबांच्या तुकडीचा एक फोटो, दहा जणं. मागे आबांनी पेन्सिलने नावं लिहिलीत, तीन नावांपुढे फुली आहे. फुल्या कधी मारल्या आईंनाही माहीत नाही, त्यांनी तो फोटो आबा गेल्यावर पहिल्यांदा बघितला.

बी-१०५ सुभेदार: वहिनी तो फोटो मला दाखवाल का. बेळगावला मराठा रेजिमेंटच्या सेंटरमध्ये विचारून बघू, त्या तिघांच्या घरी असा फोटो असेलच असं नाही.

बी-४०३: आई हो म्हणाल्या. पण मूळ फोटो द्यायचा नाही म्हणतात, इथेच येऊन बघा.

बी-१०५ सुभेदार: अर्थात. १६ तारखेला संध्याकाळी येतो.

ए-७०२: १६ ला क्लब हाउसमध्ये छोटा कार्यक्रम ठेवायचा का? मी स्पीकरचं बघतो

बी-४०३: आई नको म्हणतात. माईकवर बोलणार नाहीत. ज्यांना यायचं त्यांनी घरी चहाला या, भिंती ओल्या आहेत टेकू नका.

सी-५०२: सकाळी १० वाजता मी येतो उचलायला. ओढत नेऊ नका, पत्र्याने टाइल्सवर चरे पडतात आणि नंबरचा रंगही जाईल. चार जण लागतील.

ए-३०४: मी येतो. सायकली?

सी-५०२: सायकली पण काढतोय. दोन माझ्या नातवाच्या आहेत.