'सविनय कायदेभंग'मधला 'सविनय'

प्रश्न : युद्धविरोधी मोर्चा पोलिसांची परवानगी घेऊन निघाला, तरी त्याला 'सविनय कायदेभंग' म्हटलेलं वाचनात येतं. हे बरोबर आहे का? आणि 'सविनय' म्हणजे नम्रपणे, एवढंच ना?

प्रतिसाद १ : परवानगीचा मोर्चा हा निषेध. कायदा मोडलाच नाही तर भंग कसला? 'विनय'चा आज रूढ अर्थ नम्रता, पण जुना अर्थ शिस्त. भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ म्हणूनच 'विनयपिटक'. मला इथे तोच अर्थ नेमका वाटतो. चोख उदाहरण विनोबांचं. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला त्यांनी युद्धाला मदत करू नका असं जाहीर भाषण केलं. बोलणं हाच गुन्हा होता, तो आधी कळवून केला आणि तुरुंगात गेले. त्यात लपवाछपवी नाही, सुटकेसाठी धडपड नाही.

प्रतिसाद २ : अमेरिकेत हे एका घरात पिढ्या ओलांडून दिसतं. १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये हवाई हल्ल्याच्या सक्तीच्या कवायतीत आसरा घ्यायला युद्धविरोधी कॅथलिक कार्यकर्त्या डोरोथी डे यांनी नकार दिला आणि अटक करून घेतली. पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा तेच केलं. त्यांची नात मार्था हेनेसी २०१८ साली जॉर्जियातल्या अण्वस्त्रधारी पाणबुड्यांच्या तळावर सहकाऱ्यांसह शिरली. तिला दहा महिन्यांची शिक्षा झाली. फरक लक्षात घ्या : आजीने जो कायदा अन्यायाचा वाटला तोच मोडला, नातीने कुंपण ओलांडलं, पण तिचा विरोध कुंपणाला नव्हता. दोन्हींना हाच शब्द चालतो.

प्रश्नकर्ता : मग कागद जाळले तर? तेही सविनय?

प्रतिसाद १ : अमेरिकेतलं केटन्सव्हिल गाव, १९६८. व्हिएतनामसाठीच्या सैन्यभरतीच्या ३७८ फायली नऊ जणांनी कचेरीतून उचलून बाहेर जाळल्या आणि पोलिसांची वाट पाहत प्रार्थना करत थांबले. मालमत्ता जळली तरी मी त्याला सविनयच म्हणेन. अडचण पुढे येते. त्यांतले डॅनियल बेरिगन १९७० साली शिक्षा भोगायला हजर न होता काही महिने भूमिगत राहिले.

प्रतिसाद २ : अन्यायी युद्ध चालवणाऱ्या सरकारची शिक्षा तरी का मानावी, हा त्यांचा सवाल मला पटतो.

प्रतिसाद १ : सवाल मलाही खोटा वाटत नाही. पण त्या काही महिन्यांसाठी मी नुसतं 'कायदेभंग' लिहीन, 'सविनय' गाळून. त्यांच्याबद्दलचा आदर त्याने कमी होत नाही.