तुटपुंज्या बजेटमध्ये मिनीमूगचा जाड बेस

प्रश्न (ठाणे): मिनीमूग या जुन्या सिंथेसायझरचा तो भरदार बेस (खालच्या सुरांचा आवाज) हवाच आहे, पण बजेट जेमतेम २५ हजार. सेकंडहँडही चालेल. काय बघू?

उत्तर १: बेहरिंगर मॉडेल डी. १९७० च्या मिनीमूगचीच मांडणी: तीन ऑसिलेटर (मूळ सूर काढणारे भाग), २४ डीबी लॅडर फिल्टर (वरचे सूर कापणारा भाग). कळा नाहीत, बाहेरून जोडायच्या मिडी कीबोर्डचे पैसे वेगळे धरा.

उत्तर २ (वाशी): कॉर्ग वोल्का कीज हा छोटा सिंथ मिळाला तर अ‍ॅडाप्टर तपासा. ९ व्होल्ट, मधली पिन पॉझिटिव्ह. गिटार पेडलचा बहुधा उलटा असतो, तो अजिबात लावू नका.

उत्तर ३: घेण्याआधी वीसेक मिनिटं चालू ठेवा, गरम झाल्यावरच सूर जुळवा. प्रत्येक नॉब सावकाश फिरवा. आपल्या दमट हवेत पॉट (नॉबखालचे फिरते भाग) खरखरतात; काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा, मग वीस-पंचवीस वेळा फिरवा.

प्रश्नकर्ता: मग मॉडेल डीच शोधतो. आभार!