मागचा वायपर: टॉप मॉडेलचा चोचला की पावसातली गरज?

घाटमाथा:
जुलैमध्ये कराडहून चिपळूणला गेलो, कुंभार्ली घाटातून. गाडी हॅचबॅक, मधलं मॉडेल, म्हणजे मागचा वायपर नाही. पाटण सोडलं आणि मागची काच चिखलाच्या तुषारांनी अशी भरली की आतल्या आरशात नुसता करडा पडदा, मागच्या एसटीचे दिवे तेवढे पुसट दिसायचे. तीनदा उतरून फडक्याने काच पुसली, आणि घाटात असं थांबणं हाच मुळात धोका. माझं स्पष्ट मत आहे, सरळ पाठीच्या प्रत्येक गाडीला मागचा वायपर खालच्या मॉडेललाही द्यायलाच हवा. मोठा टचस्क्रीन नको, पण हा द्या.

सेडानवाला:
नाही पटलं. बारा वर्षं सेडान चालवतोय, मागे वायपर नाही, एकदाही अडलं नाही. बाजूचे दोन आरसे नीट लावून घ्या. ट्रक-टेम्पोवाल्यांना मागचं काय दिसतं? ते उतरतातच ना घाट. उलट ही आणखी एक बिघडणारी वस्तू, माझ्या भावाच्या गाडीचा दोन पावसाळ्यांत जाम झाला.

घाटमाथा:
दादा, सेडानची तुलना इथे चालत नाही. सेडानची मागची काच उतरती असते, छतावरून येणारी हवा तिच्यावरून बऱ्यापैकी घसरत जाते आणि पाणी सोबत नेते. हॅचबॅक, एसयूव्हीचं छत जिथे संपतं तिथे हवा काच सोडून सरळ मागे निघून जाते, गाडीच्या पाठीमागे कमी दाबाची पोकळी होते आणि तिथे हवा भोवऱ्यासारखी फिरत राहते. चाकांनी उडवलेला चिखल-पाणी त्यात वर ओढला जाऊन काचेवर बसतो. म्हणजे वेग वाढवला तरी काच साफ होत नाही. ह्युंदाईची आयोनिक फाइव्ह २०२१ मध्ये मागच्या वायपरशिवाय आली, लोकांनी तक्रारी केल्या, आणि २०२४ च्या फेसलिफ्टमध्ये, म्हणजे सुधारून आणलेल्या मॉडेलमध्ये, कंपनीने तो दिला. गरज नसती तर दिला असता का?

वायरिंगवाला:
माझं कामच हे, म्हणून थोडं लांब लिहितो. जाम होतो म्हणून वायपरच नको, हे मला मान्य नाही, तो का जाम होतो ते आधी बघा. पुढच्या वायपरला एक मोटर आणि दोन पाती हलवणाऱ्या लांब दांड्या असतात. मागे सगळं एकाच डब्यात, डिकीच्या दाराच्या आत. १२ व्होल्टची मोटर एकाच दिशेने गरगर फिरते, वर्म गिअर तिचा वेग कमी करून जोर वाढवतो, आणि त्यानंतरचा क्रँक त्या फिरण्याचं डावं-उजवं करतो. बटण बंद केलं तरी पातं मधेच थांबत नाही ना, त्याचं कारण आतल्या पार्किंग स्विचमध्ये आहे, पातं जागेवर येईपर्यंत तो मोटरचा करंट चालू ठेवतो.

आता बिघाड. पातं फिरवणारा दांडा जिथून बाहेर येतो तिथलं रबर उन्हाने कडक होतं, फटीतून पाणी आत जातं, दांडा गंजतो. लोक ऑक्टोबर ते मे वायपरला हातच लावत नाहीत, आणि जूनच्या पहिल्या पावसात एकदम चालू करतात, मोटर अडते, फ्यूज जातो. दुसरी जागा म्हणजे छत आणि डिकीच्या मधली रबरी नळी, त्यातून वायरी आणि पाण्याचा पाइप जातो, डिकी उघडून-मिटून वायर तुटते नाहीतर पाइप फाटतो आणि पाणी काचेऐवजी छताच्या कापडावर येतं. बऱ्याच गाड्यांत पुढच्या-मागच्या दोन्ही काचांना पाण्याची टाकी आणि पंप एकच असतो, पंप उलटा फिरवला की पाणी मागे जातं. पंधरा दिवसांतून एकदा पाणी मारून वायपर फिरवा, बहुतेक त्रास वाचेल. कोरड्या धुळीवर मात्र चालवू नका, काचेवर ओरखडे पडतात.

लालमाती:
मी सावंतवाडीची. आमच्याकडे लाल चिखल, त्यामुळे घाटमाथांचं म्हणणं कळतं, पण माझ्या मते आधी डिफॉगर द्या मग वायपर. पावसात चारजण गाडीत बसले की काच आतून धुरकट होते, बाहेर वायपर कितीही फिरवा, आतली वाफ कशी जाणार? काचेवरच्या त्या बारीक आडव्या रेघा तापल्या की दोन-चार मिनिटांत दिसायला लागतं. पैसे एकाचेच असतील तर मी डिफॉगर घेईन.

घाटमाथा:
ताई, डिफॉगर हवाच, पण चिखल त्याने जात नाही, उलट वाळून चिकटतो. दोघांची कामं वेगळी.

सेडानवाला:
हवेचा मुद्दा मान्य, वायरिंगवाले दादांचाही. पण सगळ्यांवर सक्ती कशाला? विदर्भात पावसाळ्याबाहेर त्याचा उपयोग काय? ज्याला कोकणात जायचंय त्याने नंतर बसवून घ्यावा. नाहीतर पाणी न धरणारं कोटिंग लावा काचेवर.

वायरिंगवाला:
कोटिंगवरचे थेंब हवेने पळतात, आणि हॅचबॅकच्या मागे ती हवाच लागत नाही, ते वर आलंय. नंतर बसवायचं तर आधी बघा दांडा कुठून येतो. काही गाड्यांत काचेखालच्या पत्र्यातून येतो, तिथे काम जमतं. काहींत थेट काचेतून. मागची काच टफन केलेली, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेली असते, तिला नंतर भोक पाडायला गेलात तर पूर्ण काचेचा चुरा होतो, भोक टफन करण्याआधीच पाडावं लागतं. म्हणजे भोकाची नवी काच, मोटर, वायरिंग, पाण्याचा पाइप, सगळंच आलं.

सेडानवाला:
काचच बदलावी लागते हे माहीत नव्हतं. मग नंतर बसवा म्हणणं सोपं नाही, तेवढं मागे घेतो. सक्तीला विरोध कायम.

घाटमाथा:
माझ्या गाडीत काचेखाली पत्र्यावर एक गोल रबरी बूच आहे, आजवर लक्षच गेलं नव्हतं. रविवारी डिकीचं आतलं पॅनल उघडून फोटो टाकतो, दादा बघून सांगा.