सी विंग ग्रुप : सशांचा वास जात नाहीये

कुलकर्णी काका, सी-३०२ : मानसी, राग मानू नकोस. आठ-दहा दिवस झाले, डक्टमधून आमच्या बाथरूममध्ये उग्र वास येतोय. काल हिचे डोळे चुरचुरत होते. तुमच्या सशांचा तर नाही ना?

मानसी, सी-४०२ : काका, माफ करा, आमच्याकडूनच येतोय. पावसामुळे पिंजरा बाल्कनीतून आत आणला, तेव्हापासून हे सुरू झालं. रोज फिनाईलने पुसते, वखारीतून आणलेला भुसा पसरते. संध्याकाळी परत तेच. दुकानदाराने आता मांजराचं लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये टाकायची माती दिलीय, ओली झाली की गोळा होणारी. ती टाकू का?

अश्विनी, सी-६०४ : मानसी, ती पिशवी उघडूच नकोस गं! ती माती ओलाव्याने फुगते आणि घट्ट होते. ससा ट्रेमधलं सगळं चघळून बघतो. पोटात गेलं तर आतडं तुंबेल, आणि सशाला उलटी करता येत नाही.

पेडणेकर वहिनी, सी-१०१ : पिंजऱ्याच्या कोपऱ्यात दोन डांबरगोळ्या ठेव ना. आम्ही कपाटात ठेवतो.

अश्विनी, सी-६०४ : नको वहिनी, त्या विषारी असतात. फिनाईल, रूम फ्रेशनर, उदबत्तीचा धूर, यातलं काहीच पिंजऱ्याजवळ नको. सशाचं नाक फार नाजूक असतं.

मानसी, मी सहा वर्षं ससे पाळतेय म्हणून सविस्तर लिहिते. सुक्या लेंड्यांना जवळजवळ वास नसतो. वास मारतं ते साचलेलं मूत. त्यातून अमोनिया सुटतो, काकूंचे डोळे त्यानेच चुरचुरले असतील. काकू खालच्या मजल्यावर आहेत, तुझे ससे मात्र दिवसभर त्यातच श्वास घेतायत. भुशाची बारीक धूळही त्यांच्या नाकात जाते. देवदार किंवा कच्च्या पाइनचा असला तर त्यातल्या वासाच्या द्रव्यांचा यकृतावर परिणाम होतो, आणि वखारीत कुठलं लाकूड कापलं ते आपल्याला कळत नाही.

माझी पद्धत सांगते. दोन्ही ससे ऐसपैस बसतील एवढा मोठा प्लॅस्टिकचा ट्रे घे. तळाला वर्तमानपत्राचे चार-पाच थर, त्यावर कागदाच्या पेलेट्सचा (दाबून केलेल्या छोट्या कांड्यांचा) इंचभर थर. भट्टीत वाळवलेल्या लाकडाच्या पेलेट्सही चालतात, पण त्यात सुगंध किंवा रसायन नसावं. ट्रेच्या एका टोकाला भरपूर सुकं गवत ठेव. ससा खाता खाताच शी करतो, म्हणून गवत तिथे असलं की तो आपोआप ट्रेमध्ये येऊन बसतो. पहिले काही दिवस बाहेर पडलेल्या लेंड्या उचलून ट्रेमध्येच टाक, जागा त्यांच्या लक्षात राहते.

ओला कोपरा रोज काढायचा, दोन-तीन दिवसांनी अख्खा ट्रे धुवायचा. तळाशी पांढरा खडूसारखा थर धरतो, तो कॅल्शियमचा. साबणाने निघत नाही. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पंधरा मिनिटं ठेव, मग घास. सध्याच्या दमट हवेत गवताला बुरशी धरते, तेव्हा थोडं थोडं आण आणि कुबट वास आला तर फेकून दे. एक मात्र कधी करू नकोस, मूत कमी व्हावं म्हणून पाणी कमी ठेवू नकोस.

मानसी, सी-४०२ : ताई, पाणी मी रात्री काढूनच घेत होते 😔 आत्ता ठेवलं परत. कधीकधी द्राक्षांच्या घोसासारखी मऊ, चिकट शी दिसते. तिचा मात्र वास येतो.

अश्विनी, सी-६०४ : ती वेगळी असते. एरवी ससे ती लगेच खाऊन टाकतात, त्यांना तिची गरज असते. उरत असेल तर खाण्यात गोड किंवा दाणे जास्त होतायत. गाजर, केळं, बिस्किट देता का?

मानसी, सी-४०२ : बिस्किट आमची ओवी देते रोज. बंद करते. आणि मोठा ससा भिंतीवर मुताची पिचकारी मारतो, त्याचं काय?

अश्विनी, सी-६०४ : किती महिन्यांचे आहेत? नर-मादी तपासून घेतलंस का?

मानसी, सी-४०२ : सहा महिन्यांचे. दुकानात दोन्ही माद्या म्हणून दिल्यात.

अश्विनी, सी-६०४ : पिचकारी मारणारा बहुतेक नर आहे गं. आजच दोघांना वेगळं ठेव, साधारण ३१ दिवसांत पिल्लं होतात! सशांची शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे ने. नसबंदीने पिचकारी आणि उग्र वास दोन्ही बरेच कमी होतात. नंतरही नराला काही आठवडे वेगळाच ठेवायचा. आणि कोणी आदल्या रात्री उपाशी ठेवा म्हणालं तर दुसरे डॉक्टर बघ, सशाचं पोट रिकामं ठेवायचं नसतं.

मानसी, सी-४०२ : वेगळं केलं. शनिवारी सकाळी नेते. काका, ट्रे आजच बदलते, तोवर डक्टची खिडकी बंद ठेवते.

पेडणेकर वहिनी, सी-१०१ : मानसी, सुक्या लेंड्या मला देत जा गं, गुलाबाला घालीन. बकरीच्या लेंड्या घालतो तशा चालतील ना अश्विनी?

अश्विनी, सी-६०४ : हो, थेट कुंडीत घाला, मुळं जळत नाहीत.

कुलकर्णी काका, सी-३०२ : मानसी, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा तुझ्या दाराशी ठेवलाय. गुळगुळीत पुरवण्या काढून टाकल्यात, त्या पाणी शोषत नाहीत. रविवारी आणखी देतो.