खाडीपलीकडची ५.८ गिगाहर्ट्झ लिंक रोज संध्याकाळी ढेपाळते, स्पेक्ट्रम वाचायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची वाडी जयगड खाडीच्या गुहागरकडच्या काठावर. इंटरनेट येतं वायरलेस लिंकने पलीकडून, रत्नागिरी तालुक्यातल्या सड्यावरच्या टॉवरवरून. अंतर ६ किलोमीटर, दोन्हीकडे २५ डीबीआयच्या (सिग्नल एका दिशेला किती एकवटतो त्याचं माप) डिश, फ्रिक्वेन्सी ५७८५ मेगाहर्ट्झ, चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ. शाळा, ग्रामपंचायत आणि वाडीतली घरं सगळी याच लिंकवर. दहावी-बारावीची मुलं संध्याकाळी अभ्यासाला बसतात आणि नेमकी तेव्हाच लिंक बसते. मनाला फार लागतं ते, म्हणून सविस्तर लिहितोय.

सातच्या सुमारास वाडीकडचं डाउनलोड दिवसाच्या पाव हिश्श्यावर येतं. अकरानंतर आपोआप सुधारतं. अपलोडला मात्र धक्काही लागत नाही. सिग्नल दिवसरात्र उणे ६२ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याकडे जावं तितका जोरदार). गणितही तेच सांगतं: डिशमधून बाहेर पडते ३६ डीबीएम, वाटेत जातात साधारण १२३, इकडची डिश देते २५. त्यामुळे अलाइनमेंट, केबल, पाणी शिरलेला कनेक्टर यांवर माझा संशय नाही. मध्यावर फ्रेनेल झोनची (दोन डिशमधल्या रेषेभोवती मोकळी लागणारी जागा) त्रिज्या ९ मीटरच्या आत आहे आणि सड्याच्या उंचीमुळे तो मोकळा आहे.

आधी वाटलं, पाण्यावरून परावर्तन होत असेल. पण भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, आमचा त्रास सातलाच सुरू होतो. शिवाय तसं असतं तर सिग्नल वरखाली झाला असता.

मग सड्यावरचा रेडिओ थोडा वेळ बंद ठेवून वाडीच्या रेडिओवर स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे त्याचा आलेख, पाहिला. दुपारी नॉइज (नको असलेले सिग्नल) उणे ९२, रात्री आठला उणे ७८. सड्याच्या टोकाला मात्र दोन्ही वेळा उणे ९२च. वायफाय स्कॅनमध्ये घरातले राउटर सोडून काही दिसत नाही. मग हा नॉइज कुणाचा? आलेखात सरासरीची रेघ धरायची की कमालची? आणि ५५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सरकावं का?

प्रतिसाद १

दादा, दोन्ही टोकांचा स्पेक्ट्रम वेगवेगळा घेतलात, निम्मं काम तिथेच झालं. नॉइज ऐकणाऱ्याला त्रास देतो, बोलणाऱ्याला नाही. वाडीचा रेडिओ ऐकतो तो डाउनलोड, म्हणून तेवढंच पडतं. दुपारी सिग्नल नॉइजपेक्षा ३० डीबी वर, रात्री १६. एवढ्यावर ६४ क्वॅम (सिग्नलमध्ये जास्त डेटा भरायची पद्धत) टिकत नाही, रेडिओ खालच्या, म्हणजे हळू पण दणकट मॉड्युलेशनवर उतरतो.

वायफाय स्कॅनवर विसंबू नका. ज्याचा बीकन (वायफायने स्वतःची ओळख सांगणारा संदेश) वाचता येतो, तेवढंच त्यात दिसतं. दुसऱ्या ऑपरेटरचे सेक्टर (एका बाजूच्या अनेक ग्राहकांना सिग्नल देणारे अँटेना) स्वतःच्या टीडीएमए (पाळीपाळीने बोलण्याच्या) प्रोटोकॉलवर किंवा १० वा ३० मेगाहर्ट्झ रुंदीवर चालत असतील तर यादीत येणारच नाहीत, हवा मात्र व्यापतील. संध्याकाळी त्यांचे ग्राहक वाढतात, सेक्टर जास्त वेळ बोलतो आणि तुमचा नॉइज चढतो. मला तरी घड्याळ पाळणारा हा त्रास माणसांचाच वाटतो. समुद्रावरून डक्टिंगने (हवेच्या थरांत अडकून) लांबचे सिग्नल येतात हे खरं, पण ते मतलई वारा, उकाडा, आर्द्रता यांवर चालतं, रोज एकाच वेळेवर नाही.

रेघ दोन्ही बघा, पण त्याहून वॉटरफॉल (वेळेनुसार सरकत जाणारा स्पेक्ट्रमचा आलेख) महत्त्वाचा. क्वचित उणे ६५ वर उडी मारणारा सिग्नल परवडतो. सतत उणे ७८ वर बसलेला परवडत नाही. सरासरी पहिल्याला लपवते, कमाल रेघ त्याचाच बाऊ करते. शक्य असेल तर सहा ते बारा सलग नोंद ठेवा.

मग जादा डिश असेल तर तिला रेडिओ लावून वाडीच्याच पोलवर हळूहळू फिरवा आणि नॉइज कुठे सर्वात चढतो ती दिशा होकायंत्राने टिपा. बाजूने येत असेल तर शिल्डची (कडेने येणारे सिग्नल अडवणारं कडं असलेली) डिश उपयोगी पडेल. सड्याच्याच रेषेत, सड्याच्या मागून येत असेल तर शिल्डचा खर्च करू नका, फ्रिक्वेन्सीच बदला.

आज रात्रीपुरतं: रुंदी ४० वरून २० करा. नॉइज ३ डीबी तरी उतरतो आणि मोकळी जागा शोधणं सोपं जातं. कमाल वेग घटेल, पण संध्याकाळी हातात जास्त पडण्याची शक्यता आहे.

प्रतिसाद २

५५०० बद्दल. आपल्याकडे २०१८ च्या अधिसूचनेने ५१५०-५३५०, ५४७०-५७२५ आणि ५७२५-५८७५ हे पट्टे परवानामुक्त झाले. पण मधल्या पट्ट्यात डीएफएस, म्हणजे रडारला वाट देण्याचा नियम, आहे. रेडिओ आधी किमान ६० सेकंद नुसता ऐकतो, रडार सापडलं तर चॅनल सोडतो आणि अर्धा तास तिकडे परतत नाही. ५६०० ते ५६५० टाळाच, सी-बँडची हवामान रडार त्याच भागात चालतात. मच्छीमार बोटींच्या रडारची भीती नको, ती ९.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतात. पॉवरची मर्यादाही पट्ट्यानुसार वेगळी, म्हणून रेडिओत देश भारतच ठेवा आणि उणे ६२ चं गणित नव्याने करा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रुंदी २० केली, रात्री नऊला डाउनलोड निम्म्यापर्यंत टिकलं. डिश फिरवल्यावर नॉइज वाडीच्या ईशान्येला चढतो, सड्याच्या रेषेपासून बराच बाजूला. म्हणजे शिल्ड कामाला येईल असं दिसतंय. त्या बाजूला कुणाचे सेक्टर आहेत ते शोधून त्यांच्याशी बोलणार आहे, चॅनल वाटून घेतले तर दोघांचंही भागेल. तोवर एक सांगा: शिल्ड फक्त वाडीच्या डिशला पुरेल, की सड्यावरही लावावी?