यू-टूचं ते गाणं आणि हातांचा हिशोब

खवचट_श्रोता: काल इथे कुणीतरी यू-टू या आयरिश बँडच्या 'द हँड्स दॅट बिल्ट अमेरिका'ला स्थलांतरितांचं राष्ट्रगीत ठरवलं. राहवलं नाही. हे ज्यात वाजतं तो 'गँग्ज ऑफ न्यूयॉर्क' (२००२) सिनेमा बघितलाय ना? न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीतला चिखल, सुरे आणि शेवटी १८६३ ची दंगल. सक्तीच्या लष्करभरतीवर चिडलेल्या जमावानं, त्यात आयरिश भरपूर, कृष्णवर्णीयांना लटकवलं, त्यांच्या पोरांचा अनाथाश्रम जाळला. श्रेयनामावली आली की यू-टूचा गायक बोनो हातांचे गोडवे गातो! शेवटच्या कडव्यात तर ११ सप्टेंबरचं ठिगळ.

मावशी_बोरिवली: ठिगळ कसलं? शेवटी कबरी गवतात बुडतात, पलीकडे शहर वाढत जातं, जुळे मनोरेही उभे दिसतात. १८४५ पासून आयर्लंडात बटाटा कुजला, दहा लाख मेले, जवळपास तेवढेच बोटींत बसले. त्यांच्या पोरांनी गाऊ पण नये?

रूळवेडा: हातच मोजायचे तर सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचे चिनी मजूर कुठायत? सिएरा नेवाडा डोंगराचा खडक फोडला, दिवसाला जेमतेम फूट-दीड फूट. १८६९ ला रूळ जुळले, १८८२ ला चिनी मजुरांना बंदीचा कायदा!

मावशी_बोरिवली: आली का रेल्वे! मागे नाट्यसंगीताच्या धाग्यातही तुम्ही बोगद्यात शिरला होतात.

रूळवेडा: ती बोरघाटाची चर्चा होती. नीट वाचत जा.

लालबागचा_नातू: त्यांच्यावर निदान गाणं तरी झालं. आमचे आजोबा तीस वर्षं साच्यावर. गिरणीच्या जागी टॉवर आला, लॉबीत साच्याचं चाक पॉलिश करून मांडलंय. आजोबा बघायला गेले, तर वॉचमन म्हणाला, डिलिव्हरीवाल्यांनी मागच्या गेटनं यायचं.

खवचट_श्रोता: वाईट वाटलं, खरंच. पण दादा, हे गाणं म्हणजे ते पॉलिश केलेलं चाकच आहे. तेच तर सांगतोय.

लालबागचा_नातू: आजोबांनी चाकाचा फोटो मागितला होता हो. तुम्हाला नाही कळायचं.

मावशी_बोरिवली: शाब्बास! आणि गोल्डन ग्लोब काय फुकट मिळाला?

खवचट_श्रोता: ऑस्कर रॅपर एमिनेमला गेलं. तो स्वतःचं तरी रडला.

मावशी_बोरिवली: रॅपला चाल तरी असते का!

खवचट_श्रोता: बरं बाई, याला चाल आहे. मधे बोनो ऑपेरासारखा आवाज लावतो ते सोडून. झालं समाधान?

रूळवेडा: सिएरातला तो समिट बोगदा १६५९ फूट. कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं.