शब्दचर्चा : ‘स्क्रॅपी’ गोधडी, तिची संगणकीय रचना आणि मराठी शब्द

प्रश्न

संगणकाच्या साहाय्याने गोधडीची रचना कशी करावी याविषयीची एक मार्गदर्शिका मी मराठीत लिहीत आहे आणि पहिल्याच प्रकरणात ‘स्क्रॅपी’ या शब्दापाशी अडले आहे. अनेक निरनिराळ्या कापडांचे लहान तुकडे जोडून केलेल्या, एकच कापड ठरावीक जागी पुन्हा पुन्हा न येणाऱ्या गोधडीला हे विशेषण लावतात. ‘चिंध्यांची गोधडी’, ‘तुकड्यांची गोधडी’, ‘ठिगळकाम’ हे पर्याय मी लिहून पाहिले, पण प्रत्येकातून काहीतरी वेगळेच सूचित होते. शिवाय आज्ञावलीत ‘रॅन्डम’, ‘शफल’, ‘स्वॉच’, ‘ब्लॉक’, ‘व्हॅल्यू’ असे शब्द येतात. त्यांपैकी कोणते जसेच्या तसे ठेवावेत आणि कोणत्यांना मराठीत आधीपासूनच चांगला शब्द आहे, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १

आपल्या पर्यायांमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी सुट्या करू या. ‘चिंधी’ म्हणजे फाटलेल्या किंवा फाडलेल्या कापडाचा तुकडा. त्यात जीर्णपणा आहे आणि ‘चिंधीचोर’सारख्या शब्दामुळे थोडी हेटाळणीही चिकटलेली आहे. ‘कात्रण’ म्हणजे कातरून उरलेला तुकडा. त्यात जीर्णपणा नाही, केवळ उरलेपण आहे. मात्र आजच्या वाचकाला कात्रण म्हटले की आधी वर्तमानपत्र आठवते, म्हणून ‘कापडाची कात्रणे’ असे पूर्ण लिहावे. ‘ठिगळ’ ही तिसरी गोष्ट. ठिगळ हे भोक किंवा विरलेला भाग झाकण्यासाठी वरून लावले जाते, आणि आभाळच फाटले तर ठिगळ कुठे लावायचे या म्हणण्यातही हाच अर्थ आहे. गोधडीच्या वरच्या थरात तुकडे एकमेकांवर बसत नाहीत, ते कडेला कड लावून सांधलेले असतात. म्हणून त्या कामाला ‘ठिगळकाम’ म्हणणे चुकीचे ठरेल. तो शब्द अॅप्लिकसाठी, म्हणजे मूळ कापडावर दुसऱ्या कापडाचा आकार ठेवून शिवण्यासाठी, राखून ठेवावा. तिथे तो अगदी चपखल आहे. कडेला कड जोडण्यासाठी ‘सांधणे’ हे क्रियापद पुरेसे आहे.

परंतु मूळ अडचण याहून खोल आहे. चिंधी, कात्रण, ठिगळ हे तिन्ही शब्द तुकडा कुठून आला किंवा कशासाठी वापरला हे सांगतात. ‘स्क्रॅपी’ हे विशेषण आज बहुतेक वेळा गोधडी दिसते कशी हे सांगते. नव्याकोऱ्या ४० कापडांतून मुद्दाम तुकडे कापूनही स्क्रॅपी गोधडी करता येते, आणि घरात उरलेली सगळी कात्रणे एकाच रंगाची, एकाच छपाईची असली तर त्यांतून होणारी गोधडी स्क्रॅपी दिसत नाही. पडद्यावर रचना करताना तर तुकड्याचा उगम उरतच नाही, केवळ कापडांचे विखुरणे उरते. म्हणून आपल्याला दिसण्याचा शब्द हवा आहे आणि माझ्या मते तो ‘सरमिसळ’ हा आहे.

प्रतिसाद २

‘सरमिसळ’ या शब्दात घोटाळ्याची छटा आहे. ‘दोन मुद्द्यांची सरमिसळ करू नये’ असे आपण म्हणतो. जी गोधडी विचारपूर्वक रचलेली आहे तिला हा शब्द लावणे योग्य ठरेल का? त्यापेक्षा ‘यादृच्छिक रचना’ हा गणितातील रूढ शब्द स्वीकारावा, असे सुचवतो.

प्रतिसाद ३

‘यादृच्छिक’ हा शब्द ‘रॅन्डम’साठी बरोबर आहे, पण स्क्रॅपी आणि रॅन्डम या एकच गोष्टी नाहीत. संगणकावर रचना करणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी भेडसावतो, म्हणून तो जरा विस्ताराने मांडतो.

समजा, १० कापडे आहेत आणि उभी १०, आडवी १० अशी १०० घरे भरायची आहेत. कडेला कड लागून असलेल्या घरांच्या जोड्या १८० होतात. प्रत्येक घरासाठी संगणकाने स्वतंत्रपणे कापड निवडले, तर सरासरीने १८ जोड्यांमध्ये शेजारीशेजारी तेच कापड येते. काही ठिकाणी तर तीन-चार घरांचा एकरंगी पुंजका तयार होतो. ही निवड खऱ्या अर्थाने यादृच्छिक असते, आणि म्हणूनच ती पाहणाऱ्याला ‘नीट मिसळलेली’ वाटत नाही. आपल्या नजरेला मिसळण म्हणून जे हवे असते त्यात सारखी कापडे एकमेकांपासून दूर असतात, गडद तुकडे एका कोपऱ्यात गोळा होत नाहीत आणि भडक तुकडा सर्वत्र थोडा थोडा दिसतो. म्हणजे ती नियमांनी बांधलेली असते.

आता ‘शफल’चा प्रश्न. पत्ते पिसतात त्याप्रमाणे येथेही ‘पिसणे’ हेच क्रियापद वापरावे, कारण त्यातील क्रिया तंतोतंत तीच आहे : तुकड्यांची संख्या ठरलेली असते आणि केवळ क्रम बदलतो. वरच्या उदाहरणात प्रत्येक कापडाचे नेमके १० तुकडे घेऊन ते पिसले, तर शेजारी तेच कापड येण्याच्या जोड्या सरासरी १८ वरून साधारण १६ वर येतात. फरक थोडासाच आहे. नुसते पिसून सरमिसळ साधत नाही, हे यावरून दिसते. पिसल्यानंतर प्रत्येक खटकणारा तुकडा दूरच्या एखाद्या तुकड्याशी बदलावा लागतो, आणि त्या बदलाने नवी खटकणारी जोडी तयार होत नाही हे तपासावे लागते. या तिसऱ्या क्रियेसाठी ‘अदलाबदल’ हा साधा शब्द आहे.

तेव्हा मार्गदर्शिकेत तीन शब्द तीन अर्थांनी यावेत : निवडीसाठी ‘यादृच्छिक’, क्रम बदलण्यासाठी ‘पिसणे’ आणि हवे असलेल्या परिणामासाठी ‘सरमिसळ’. आधीच्या प्रतिसादातील आक्षेप मला मान्य आहे, पण घोटाळ्याची ती छटा ‘सरमिसळ करणे’ या प्रयोगात जास्त आहे. ‘कापडांची सरमिसळ साधली आहे’ असे म्हटले की ती गळून पडते.

मूळ प्रश्नकर्ती

तिघांचेही आभार. ‘पिसणे’ हा शब्द इतका जवळ असून सुचला नव्हता. आता ‘व्हॅल्यू’विषयी विचारते. सरमिसळ रचनेत रंग कितीही असले तरी उजेड-अंधाराचा क्रम नीट असेल तर आकृती उठून दिसते, असे सगळे सांगतात. या उजेड-अंधाराला ‘मूल्य’ म्हणावे का?

प्रतिसाद ४

कृपया ‘मूल्य’ म्हणू नये. वाचकाला ती कापडाची किंमत वाटेल. शिवणाऱ्यांच्या बोलण्यात ‘उजळ’ आणि ‘गडद’ हे शब्द पूर्वीपासून आहेत आणि त्यांवरून ‘उजळपणा’ हे नाम सहज होते.

येथे एक धोका मात्र आहे. अनेक आज्ञावलींमध्ये रंग निवडताना ‘ब्राइटनेस’ नावाची एक पट्टी असते आणि तिचेही भाषांतर ‘उजळपणा’ असेच होण्याची शक्यता आहे. त्या पट्टीवर शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा हे दोन्ही रंग १०० वर असतात. डोळ्यांना मात्र पिवळा अतिशय उजळ आणि निळा गडद दिसतो. डोळ्यांच्या जाणिवेला धरून केलेल्या लॅब या मापनपद्धतीत पडद्यावरील शुद्ध पिवळ्याचा उजळपणा सुमारे ९७ आणि शुद्ध निळ्याचा सुमारे ३२ येतो. गोधडीच्या कामाला हा दुसरा उजळपणा लागतो. म्हणून पहिल्याला ‘ब्राइटनेस’ असेच लिहावे आणि ‘उजळपणा’ हा शब्द दुसऱ्यासाठी राखावा. तो पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे रचनेचे चित्र करड्या छटांमध्ये बदलणे. मात्र काही आज्ञावलींत केवळ रंगाचा भरणा (‘सॅच्युरेशन’) शून्यावर आणण्याची सोय असते आणि तिने कधीकधी पिवळा व निळा एकाच करड्यात उतरतात. तेव्हा ही सोय वापरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो.

सरमिसळीला उजळपणा कसा सावरतो हे पाहायचे असेल तर लॉग केबिन हा प्रकार घ्यावा. मध्यभागी एक चौरस असतो आणि त्याभोवती पट्ट्या फिरत जातात. कर्णाच्या एका अंगाला सर्व पट्ट्या उजळ आणि दुसऱ्या अंगाला सर्व गडद ठेवल्या, की पट्टी कोणत्याही कापडाची असली तरी आकृती मोडत नाही. आज्ञावलीत आधी कापडांचे उजळ आणि गडद असे दोन गट करून प्रत्येक गट आपल्याआपल्यात पिसला की हे काम काही क्षणांत होते. गट न करता सगळी कापडे एकत्र पिसली तर कर्ण नाहीसा होतो आणि नुसती गर्दी उरते.

प्रतिसाद ५

‘ब्लॉक’ला ‘ठोकळा’ म्हणू नये एवढेच सुचवते, कारण ठोकळ्याला जाडी असते. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एका लहान चौकोनाला ‘घर’ म्हणावे, आणि अशा काही घरांची मिळून जी पुन्हा पुन्हा येणारी आकृती होते तिला ‘ब्लॉक’ असेच राहू द्यावे. ‘खण’ हा शब्द सुंदर आहे, पण त्याचा अर्थ कापडाचा एक प्रकार असाही होत असल्याने कापडाच्याच विषयात तो गोंधळ करील.

प्रतिसाद ६

मापांविषयी अद्याप कोणी लिहिले नाही आणि मराठी शब्दांची श्रीमंती तर तेथेच आहे. शिवणीत आत जाणाऱ्या जादा कापडाला आपण ‘माया’ म्हणतो. गोधडीच्या सांध्यांसाठी ती प्रत्येक बाजूला पाव इंच ठेवण्याचा प्रघात आहे. म्हणजे पडद्यावर २ इंचांचे दिसणारे घर कापताना अडीच इंचांचे कापावे लागते. मार्गदर्शिकेत ‘तयार माप’ आणि ‘कापायचे माप’ हे दोन शब्द पहिल्यापासून वेगळे ठेवावेत, कारण पडद्यावरील रचना जवळजवळ नेहमी तयार मापात असते आणि नवशिका ती कापायची समजून बसतो.

चौरसाचे कर्णावर दोन भाग करून दोन त्रिकोण काढायचे असतील तर तयार मापात सात अष्टमांश इंच मिळवून चौरस कापतात. सुतार आणि लोहार इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणतात. तो शब्द येथे घेतला तर ‘तयार मापात सात सूत मिळवा’ इतके आटोपशीर वाक्य होते. कोणाला तो फार लाकूडकामाचा वाटेल, पण ‘सात अष्टमांश’ म्हणताना जीभ जितकी अडखळते तितकी ‘सात सूत’ म्हणताना अडखळत नाही. मेट्रिक मापात पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, त्यामुळे आज्ञावलीत एकक बदलताना ६ किंवा ६.५ असे गोल करू नये. एका ओळीत २० सांधे असले की तो किरकोळ फरक ठळकपणे दिसू लागतो.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याची पुरवणी

‘स्वॉच’ राहून गेला. त्यासाठी ‘वानगी’ हा उत्तम शब्द आहे, कारण वानगी म्हणजे संपूर्ण मालाची ओळख पटवणारा लहानसा नमुना. आज्ञावलीत कापडाचे छायाचित्र घालतो तेव्हा आपण वानगी घालतो, आणि ती योग्य प्रमाणात घालावी लागते. ५ इंच रुंद तुकडा इंचाला ३०० बिंदू या घनतेने टिपला तर तो १५०० बिंदू रुंद होतो. ही घनता आज्ञावलीला सांगितली नाही तर इंचभर फूल पडद्यावर हातभर होते किंवा राईएवढे राहते.

‘वानगी’ आणि ‘कात्रण’ यांतील फरक मार्गदर्शिकेत ठसठशीतपणे यावा, असा माझा आग्रह आहे. वानगी कितीही वेळा वापरता येते, कात्रण एकदाच. १० इंच लांब आणि ४ इंच रुंद कात्रणातून अडीच इंचांचे चार चौरस निघतात आणि दीड इंच रुंदीची पट्टी उरते. पडद्यावर मात्र त्याच वानगीने ६० घरे भरली तरी आज्ञावली तक्रार करत नाही. म्हणून प्रत्येक वानगीसमोर ‘उपलब्ध तुकडे’ असा आकडा लिहून ठेवावा आणि पिसताना तेवढेच तुकडे घ्यावेत. ज्या आज्ञावलीत ही सोय नाही, तिच्याजोडीला साधा तक्ता वापरता येतो : एका स्तंभात कापडाचे नाव उपलब्ध तुकड्यांइतके वेळा लिहायचे, शेजारच्या स्तंभात यादृच्छिक आकडे भरायचे आणि त्या आकड्यांनुसार दोन्ही स्तंभ क्रमाने लावायचे. नावांचा जो क्रम मिळेल तो घरांचा क्रम.

मूळ प्रश्नकर्ती

तक्त्याची रीत उपयोगी आहे, ती प्रकरणात घेते. शेवटची शंका व्याकरणाची : ‘सरमिसळ’ हे स्त्रीलिंगी नाम आहे, तर ‘सरमिसळ गोधडी’ असे विशेषणासारखे लिहिलेले चालेल का?

प्रतिसाद ३ लिहिणारा

चालेल. नाम विशेषणासारखे पुढे ठेवण्याची पद्धत मराठीत रूढच आहे. तरीही शीर्षकात ‘सरमिसळ गोधडी’ आणि मजकुरात ‘सरमिसळीची गोधडी’ असे लिहावे, असे मला वाटते. आज्ञावलीतील कळीवर मात्र ‘सरमिसळ करा’ असे लिहू नये. ती कळ फक्त पिसते, तेव्हा तिच्यावर ‘पिसा’ एवढेच असावे.